सातवी बाटली

सातव्या गुरुवारीही बाटलीतलं पाणी जांभळंच निघालं.

प्रयोगशाळेतल्या केमिस्टने बाटली उन्हात धरली, उलटी केली, डोळे बारीक करून पाहिलं. काल सकाळी खालच्या कारखान्यातून ट्रेमध्ये जसं भरलं होतं तसंच्या तसं होतं ते. त्याने वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिलं, ‘फरक नाही.’ हे दोन शब्द लिहिण्यात आता त्याचा हात चांगला बसला होता.

खाली कापड रंगवायचा कारखाना आणि वर गच्चीत त्याचे आठ उथळ ट्रे. ट्रेच्या तळाशी काचा, काचांवर पांढऱ्या पुडीचा पातळ थर. ऊन पडलं की ही पूड पाण्यातला रंग तोडायला लागते. उन्हावाचून ती नुसती भुकटी. प्रयोगशाळेच्या गच्चीवर याच पुडीने याच कारखान्याचं पाणी चार तासांत नितळ करून दाखवलं होतं. तेव्हा प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली होती. इथे येऊन मात्र पुडीने हात टेकले. त्याने पूड बदलली, थर जाड केला, काचा घासून पुन्हा लावल्या. आभाळावर खापर फोडावं तर दीड महिन्यात ढगाचा ठिपका दिसला नव्हता.

आज त्याच्या खिशात मोठ्या बाईंची चिठ्ठी होती. पाणी आजही तसंच असेल तर सामान उतरवून आणा. कारखान्याचा मालक तर वाटच पाहत होता. ट्रे हलले की त्याचा पाइप पुन्हा नाल्यात सुटणार होता, आणि नाला जात होता मागच्या गल्लीच्या विहिरीला खेटून.

त्या गल्लीत आत्या राहायची. त्याची सख्खी आत्या. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं. विहिरीचं पाणी गुलाबी व्हायला लागल्यापासून दुखऱ्या गुडघ्यांनी दोन गल्ल्या ओलांडून ती बादल्या आणत होती. भाच्याचे ट्रे गच्चीत आले तेव्हा किल्ली तिने मालकाच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली. “राखण मी करणार. दुसऱ्या कुणाचं काम नाही हे.”

पहिल्या दिवशी त्याने तिला पुडीचं काम समजावून सांगितलं होतं. “विरजण समज. चिमूटभर लागतं, स्वतः संपत नाही, आणि काम सगळं तेच करतं.” हे उदाहरण त्याचं त्यालाच इतकं आवडलं की मालकालाही त्याने ते दोनदा ऐकवलं. वर भिंतीवर नऊ सूचना चिकटवल्या. पान पडू देऊ नये, धूळ जाऊ देऊ नये, पक्षी बसू देऊ नये, वगैरे. आत्याला नऊच्या नऊ तोंडपाठ होत्या.

तिच्या राखणीत नाव ठेवायला जागा नव्हती. गच्ची आरशासारखी लख्ख. आठही ट्रेंत मिळून कधी एक काडी सापडली नाही. त्याची गाडी फाटकात वाजली की ती वर लगबगीला लागायची आणि तो जिना चढून येईपर्यंत सगळं तयार ठेवायची. कठड्याच्या सावलीत काळ्या जाड ताडपत्रीची चौपदरी घडी, त्याला बसायला. शेजारी बशी झाकलेला चहाचा कप. घडी जरा दमट असायची आणि दर गुरुवारी त्याच्या पँटीला मागून ओल लागायची. “पाण्याचं संशोधन बसून करता का?” असं बायकोने एकदा विचारलंही होतं.

आजही तो त्या घडीवर टेकला. चहाचा कप हातात घेतला. आत्याला कसं सांगायचं, याची त्याने जिन्यात तीनदा तयारी केली होती. आता एक शब्द आठवेना. शेवटी त्याने चिठ्ठीच वाचून दाखवली.

 आत्याने पदराने उगाचच एका ट्रेची कड पुसली.

“माझ्या हातून काही चुकलं का रे, गुंड्या?”

“तुझ्या हातून? नाही गं. पूडच नालायक निघाली. मीच कमी पडलो.” त्याला मनापासून लाज वाटत होती. बादल्यांचं ओझं परत तिच्याच हातांवर टाकून तो निघाला होता.

“नाही, खरं सांग. मी आपली तू शिकवलंस तसंच केलं. पाणी भरलं की हात लावायचा नाही. हलवायचं नाही. विरजण लावल्यावर दूध ठेवतो ना, अगदी तसं.” तिने पदर कमरेला खोचला. “दिवसभरात एकदासुद्धा उघडून बघितलं नाही रे मी. गुरुवारी तुझी गाडी वाजली की मगच काढायचं.”

कप त्याच्या ओठांपाशीच थांबला.

“काय काढायचं, आत्या?”

“काय म्हणजे? ताडपत्री. तू बसलायस ना, तीच.”