पारखी नजर

शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी हिऱ्याची अंगठी घ्यायला गेल्या आणि दुकानातला सगळ्यात टपोरा हिरा त्यांच्या मनात भरला. हिरे पारखणाऱ्या मुलीने तो भिंगाखाली धरला आणि हळूच म्हणाली, "हा नका घेऊ. रंग पिवळट आहे, आत बारीक चीरही आहे. त्यापेक्षा हा लहान घ्या. याचे पैलू नीट पडलेत, म्हणून कसा लखलखतोय बघा."

बाईंनी भिंगाला डोळा लावला, पण त्यांना ती चीर काही सापडेना.

"एवढं बारीक दिसतं तुला?"

"दिसतं ना, बाई. चौथीत फळ्यावरचं दिसायचं नाही, तेव्हा सगळे मला मठ्ठ म्हणायचे. तुम्ही एकट्याच मला चष्मा करायला घेऊन गेलात."