घड्याळवाला गेला

मुलाने दार उघडलं आणि तसंच अर्धवट धरून ठेवलं. समोर घड्याळवाले काका उभे होते. मास्क हनुवटीवर, जिने चढून लागलेली धाप, बाकी चांगले धडधाकट.

"कंडक्टर आहे का घरात?" त्यांनी विचारलं. बाबांना रिटायर होऊन जमाना झाला होता, पण काकांच्या तोंडी ते अजून कंडक्टरच.

मुलाला 'नाही' म्हणता येईना. बाबा आतल्या खोलीत होते, पलंगाच्या कडेवर, भिंतीकडे तोंड करून. हल्ली ते तसेच बसत. दाढी वाढलेली, रेडिओ बंद. हाक मारली की उठत, दोन घास खात, परत जाऊन बसत. सगळं कधीच खुलं झालं होतं, रस्ते भरून वाहत होते, तरी ते उंबऱ्याबाहेर पडायचं नाव काढत नव्हते.

लॉकडाऊनमध्ये मात्र त्यांना घरात ठेवताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. दुधाच्या निमित्ताने निघायचे ते थेट घड्याळवाल्याच्या दुकानात, अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून आत. आणि घरात तान्हं बाळ. समजावून झालं, भांडून झालं, सुनेने रडूनही पाहिलं. म्हातारा कोणालाच भीक घालेना. शेवटी एका सकाळी मुलाने सांगून टाकलं, की घड्याळवाले काका गेले, दवाखान्यातूनच परस्पर नेलं. तेव्हा कोणाच्या अंत्यविधीलाही जाऊ देत नव्हते, म्हणून ते खोटं पचलं. बाबा एकदम गप्प झाले. 'आता कसे शहाण्यासारखं ऐकतात,' असं त्याने बहिणीला फोनवर कौतुकाने सांगितलंही होतं.

पुढे खरं सांगायचंच होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं. नंतर नंतर तर बाबांच्या खोलीत जायचीही त्याला लाज वाटायला लागली.

"काका, जरा खाली जाऊन बोलू," तो कुजबुजला. पण काकांचा आवाज आत पोचला होता. बाबा भिंतीला धरत धरत बाहेर आले आणि दारातल्या माणसाकडे बघतच राहिले. मुलाला वाटलं, आता ओरडतील. कानाखाली वाजवली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

बाबा पुढे झाले. त्यांनी काकांचा दंड चाचपून पाहिला, मग खांदा.

"किती वाळलास रे," काका म्हणाले. "एवढे फोन केले, दरवेळी हा म्हणायचा, बाबा झोपलेत. मग मीच करायचा बंद केला. म्हटलं, माणूस आपल्यावर रागावलेला दिसतोय."

हे फोनचं बाबांना आत्ताच कळत होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता. सांगून टाका बाबा, सगळं सांगा त्यांना, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

"रागावलो नव्हतो रे," बाबा म्हणाले. "झोपलोच होतो."