मायने सांगितलेली मुशी

खांडबाऱ्याच्या बाजारात सुकटीच्या ढिगामागून गुलशनबाईने कागदात बांधलेला पुडा उचलला आणि रुपापुढे धरला.

"मायना गुडघा दुखस का, तुले धाडं तिनी? दोन महिना झायात, दिसनी नही."

रुपाच्या मायने, नर्मदाबाईने, गणपतीतच सांगून ठेवले होते. लेक बाळंत होईल, तेव्हा वाळवलेली मुशी लागेल, बारीकच आण. मुशी खाल्ली की बाळंतिणीला दूध येते.

माय गेली, असे रुपाने सांगितले. बाळ सव्वा महिन्याचे झाले, दूध पुरत नाही, डब्याच्या पावडरीवर आहे, हेही सांगितले. आणि वर्ष फिरेपर्यंत घरात मासळी शिजायची नाही, असे काकूने बजावले आहे, हेही.

गुलशनबाईचा हात तसाच पुढे राहिला. शेवटी रुपाने पुडा घेतला आणि उघडला.

आत वीतभर लांबीच्या चार मुश्या होत्या, छोट्या जातीच्या शार्कची पिल्ले. काचकागदासारखी खरखरीत कातडी, चिरलेले पोट. एकीच्या गळ्याखाली, दोन परांच्या मधोमध, नखाएवढी बारीक खूण होती. रुपाने त्यावरून बोट फिरवले. या जातीची पिल्ले आईच्या पोटात नाळेवर वाढतात, हे तिने वाचले होते. नाळेची खूण अजून बुजली नव्हती, म्हणजे पिल्लू जेमतेम आठ-पंधरा दिवसांचे असेल.

"मुशीनी माय पाजस नही, मावशी," ती म्हणाली. "उथळ पानीमा पिलं सोडस नि निंघी जास. मांगे फिरीसन दखत बी नही."

गुलशनबाईने ढिगावरच्या माश्या हाकलल्या.

"उथळ पानीमाच काबर?"

मोठे मासे तिथे फारसे येत नाहीत, रुपाने सांगितले. पिल्लांना खाणारे.

"मंग जागा दखीसन सोडस ना," गुलशनबाई म्हणाली.

शेजारचा मिरचीवाला भाव ओरडत होता. रुपाने चारही मुश्या एकेक करून कागदात ठेवल्या आणि पुडा पुन्हा बांधला. बांधता बांधता तिने विचारले, खारटपणा जायला किती वेळ भिजवायची. गुलशनबाईने दोनदा पाणी बदलायला सांगितले, मग काकूचे काय, असे विचारले.

"काकूले मी सांगसू."

पिशवी खांद्याला लावून रुपा वळली, तेव्हा मागून गुलशनबाई म्हणाली,

"पुढला बाजारले बी ये. तुन्ही मायनी पाच बाजारनी मुशी सांगेल शे."