राहिलेलं वळण

"गाडीवाल्याला रस्ता आपण सांगायचा नाही. तो नेईल तिकडे जायचं. अगदीच राहवलं नाही, तर शेवटी एकदा विचारायचं. बस."

ती निघताना नवऱ्याने पलंगावरूनच बजावलं होतं. त्याचे गुडघे गेले होते, जिना उतरणं बंद झालं होतं. नदीचं खोरं आता बायकोच्याच डोळ्यांनी बघायचं, आणि संध्याकाळी तिने फोनवर सगळं सांगायचं. त्यातही नदीचं ते गोल वळण. त्याबद्दल तो सगळ्यात आधी विचारणार होता.

म्हणून ती मागच्या सीटवर, खिडकीशी, हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती.

गाडीवाला तिशीचा असेल. बोलका होता. हमरस्ता सोडून त्याने गाडी आतल्या रस्त्याला घातली. दोन्ही बाजूंनी झाडं वाकून आली होती. खाली नदी मधूनच चमकायची आणि पुन्हा लपायची.

"मावशी, हमरस्त्याने गेलं की खोरं दिसतच नाही. ट्रकच्या पाठीवरचं लिहिलेलं तेवढं वाचून होतं."

"तुम्ही सावकाश चालवता."

"बायको हसते मला. म्हणते, तुमच्यापेक्षा कासव बरं, निदान हॉर्न तरी वाजवत नाही."

"पहिल्यापासून असेच?"

"छे. आधी सुसाट होतो." त्याने आरशातून एकदा मागे पाहिलं. "वय झालं की येते अक्कल."

"तिशी म्हणजे काही वय नव्हे, बाळा."

तो नुसता हसला.

त्याने तिला पडकी पाणचक्की दाखवली. झुलत्या पुलावर तिचं कोपर धरून चालला. "फळ्या ओल्या आहेत, पाय बघून टाका." दुसऱ्या हातात तिच्या चपला त्याने स्वतःच घेतल्या होत्या. तिने नको म्हटलं, तर म्हणाला, "राहू द्या हो, आईच्याही धरतो की."

दुपारी नदीकाठच्या खडकावर त्याने डबा उघडला आणि आधी तिच्यापुढे केला.

"मी एकदाच जेवते, रात्री. फळ चालतं."

"उपास?"

"नेम आहे. एक गोष्ट व्हावी म्हणून."

"होणार बघा," तो मनापासून म्हणाला. "तुमच्यासारख्यांचं ऐकतो देव. आमच्यासारख्यांनी हाक मारली की नेमका त्याला डोळा लागतो."

त्याने पिशवीतून संत्रं काढलं. सोलताना फोडींवरचे पांढरे दोरेसुद्धा एकेक करून ओढून काढले. तिने मनात देवाचं नाव घेतलं आणि एक फोड तोंडात घातली. गोड होती.

परतताना रस्त्याला फाटा आला. उजवीकडे नदी, डावीकडे फळबागा. गाडी जराही हळू न होता डावीकडे वळली. तिने थोडी वाट पाहिली. बागा संपल्या, उतार लागला, लॉजची पाटी दिसायला लागली, तेव्हा तिने विचारलं.

"इकडे कुठेशी नदी अगदी गोल वळते म्हणे. वरून दिसते."

गाडीवाल्याने आरसा उगाचच सरळ केला.

"तो रस्ता बंद आहे, मावशी. दरड आलीय. आणि बघण्यासारखंही काही नाही तिथे. लोकांनी उगाच डोक्यावर घेतलंय."

"बरं."

सकाळपासून त्याच्या तोंडाला विसावा नव्हता. आता तो एक शब्द बोलला नाही. लॉजच्या दारात तिची पिशवी उतरवून देताना मात्र घुटमळला.

"राग नाही ना? वळण राहिलं तुमचं."

"राग कसला?" ती म्हणाली. "सांभाळून जा."

खोलीत येऊन तिने हातपाय धुतले, पलंगाच्या कडेला बसली आणि फोन लावला.

"सगळं दिसलं?" नवऱ्याने विचारलं.

"एक सोडून सगळं."

"विचारलंस?"

"एकदाच. दरड आलीय म्हणाला. रस्ता बंद आहे म्हणाला."

"आणि?"

"काल तर गेले होते मी. एक खडासुद्धा नव्हता रस्त्यावर."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"पोरगा चांगला आहे हो. संत्रं सोलून दिलं मला."

"आपलाही होता."

तिने फोन ठेवला. खोऱ्यातल्या याआधीच्या प्रत्येक गाडीवाल्याने तिला न विचारता त्या वळणावर नेलं होतं आणि कठड्यापाशी गाडी हळू करून सांगितलं होतं, मावशी, दोन वर्षांपूर्वी इथेच एका पोराला कुणीतरी उडवलं आणि तसंच टाकून गेलं. उजाडेपर्यंत जिवंत होता म्हणतात.

त्या पोराची आई उठली, पायांत चपला सरकवल्या, आणि नवऱ्याला दिलेल्या शब्दाप्रमाणे, जेवायच्या आधी, पोलीस चौकीकडे चालू लागली.