साखळीची जागा

नव्वद किलोची मोटर सहा फुटी पाइपला साखळीने लटकवून बाबा आणि त्यांचे जोडीदार काका वर्कशॉपमधून खांद्यावर नेत होते. काका पुढे, बाबा मागे. इंजिनीअरिंगला असलेली लेक बाबांचा डबा घेऊन आली होती. तुळईच्या कोणत्या टेकूवर किती भार येतो, ते गणित तिला नुकतंच जमू लागलं होतं, त्यामुळे तिची नजर थेट साखळीवर गेली.

दाराशी मोटर खाली ठेवून काका पाणी प्यायला वळले, तशी ती बाबांजवळ सरकली.

"बाबा, साखळी मधोमध हवी ना! तुमच्यापासून दोनच फुटांवर आहे. काकांवर तीस किलो आणि तुमच्यावर साठ येतायत."

"हळू बोल," बाबा घाम पुसत पुटपुटले. "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आजच कामावर आलाय तो. त्याला कळता कामा नये."



तेवढ्यात काका हसत आले. "बघ गं, निम्मंच ओझं उचललंय तरी तुझा बाप कशा धापा टाकतोय! आणि मी बघ, कसा ताठ!"

"खरंच काका," ती म्हणाली. "मी आत्ताच गणित केलं. दोघांवर बरोब्बर पंचेचाळीस-पंचेचाळीस."