खरं सांगणारे उत्तरेश्वर सर

"माझं ऐकाल तर इथे येऊ नका," उत्तरेश्वर सर म्हणाले आणि त्यांनी श्रद्धाचा बायोडेटा मिटून बाजूला ठेवला.

मुलाखत चांगली झाली होती. आणि आता घेणाराच असं म्हणतोय म्हटल्यावर श्रद्धा बघतच राहिली.

हिंजवडीतल्या या मेघवेध कंपनीचं नाव पुण्यात कुणी धड घेत नव्हतं. श्रद्धा वर्ध्याची; सदाशिव पेठेत विमलाबाईंकडे कॉट बेसिसवर राहायची. त्यांनीही सकाळी ऐकवलं होतंच, "जाऊन ये. तिथे गेलेलं कुणी हसत परत आल्याचं मी तरी पाहिलं नाही."

तिची सध्याची नोकरी साधी पण पक्की होती. दवाखान्यांची बिलं करणारं सॉफ्टवेअर सांभाळायचं, संध्याकाळी घरी. मालक मात्र मानी. एकदा राजीनामा दिला की ते दार कायमचं बंद.

सरांनी काही म्हणून लपवलं नाही. पगार उशिरा होतो, रविवार बुडतात, मोठे साहेब शिवराळ आहेत, सगळं शांतपणे सांगितलं. काम तेवढं एक नंबर, परदेशी बँकेचं, हेही सांगितलं आणि स्वतःचा प्रोग्राम उघडून दाखवला. इतकं नेटकं काम श्रद्धाने जन्मात पाहिलं नव्हतं. चहा आला तेव्हा पहिला कप त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

"मग सर, तुम्ही का थांबलात?"

"सहा वर्षं झाली इथे. काम वाऱ्यावर सोडून जाता येत नाही," ते म्हणाले.

श्रद्धाला अगदी भरून आलं. असा माणूस आजच्या काळात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. निघताना त्यांनी सहज विचारलं, यायचंच ठरवलंत तर कधीपासून जमेल?

घरी आल्यावर तिने विमलाबाईंना सांगून टाकलं, "काकू, जिथे असा माणूस इतकी वर्षं टिकलाय, ती कंपनी लोक म्हणतात तेवढी वाईट नसणार."

"माणूस चांगला असेल गं. नोकरी त्याच्याकडे करणार आहेस की कंपनीकडे?"

श्रद्धाने दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. मालकांनी तो न वाचताच खिशात घातला.

पहिल्या दिवशी एचआरच्या बाईंनी करारावर सही घेतली, तिची मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि तिला जागेवर नेलं. तिथे उत्तरेश्वर सर खांद्याला बॅग लावून उभे होते. टेबल रिकामं होतं.

"बदली माणूस आणून दिल्याशिवाय इथे कुणाला सोडत नाहीत," बाई म्हणाल्या. "सर आज मोकळे झाले."

श्रद्धाने सरांकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही. आपली खुर्ची पुसून त्यांनी तिच्याकडे सरकवली.

"पुढच्याला तुम्हीही सगळं खरंच सांगा," ते हळूच म्हणाले. "मलाही असंच खरं सांगून आणलं होतं."