याकूबचं बोट

"भाऊ, शेवटच्या घडीला त्यांच्या तोंडी कलमा होता ना?" याकूबच्या बायकोनं पडद्याआडून विचारलं. नवऱ्यामागची इद्दत पाळत असल्यामुळे ती परपुरुषासमोर येत नव्हती. दवाखान्यात शेवटी त्याच्याजवळ मी एकटाच होतो.

अल्लाह एकच आहे ही ग्वाही म्हणजे कलमा, एवढं पुस्तकांतून मला ठाऊक होतं. "त्याची वाचाच गेली होती, भाभी," मी म्हणालो. पडद्यामागून हुंदका आला, तसं घाबरून मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "नुसतं बोट वर करत होता. मला वाटलं, पंखा नको झालाय. मी बंद केला."

"कुठलं बोट?"

"उजव्या हाताचं. अंगठ्याजवळचं."

"या अल्लाह! तीच ग्वाही, भाऊ. नमाजात आम्ही तेच बोट उचलतो." ती रडता रडता हसली. "आणि तुम्ही पंखा बंद केलात होय! शेवटपर्यंत वरच होतं ना बोट?"

पंखा बंद केल्यावरही बोट वर येत राहिलं, तेव्हा थंडी वाजतेय असं समजून मी त्याचा हात चादरीखाली धरून ठेवला होता. तो जाईपर्यंत.

"हो, भाभी," मी म्हणालो. "वरच होतं."